लाल रेघेवर विसंबून घेतलेले पंख

दुसऱ्याने अर्धवट बांधलेलं विमान घेऊन ते गॅरेजमध्ये पुरं करायचा विचार असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा.

मी ओहायोत राहतो. शेजारच्या राज्यातल्या एका गृहस्थांकडून दोन आसनी किट विमानाचे (सुटे भाग घेऊन घरी जोडायच्या विमानाचे) पंख आणि शेपटी 11 हजार डॉलरला घेतली. बोल्ट सगळे एएन दर्जाचे, म्हणजे विमानांसाठी ठरलेल्या मानकाचे, आणि टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने आवळलेले, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. प्रत्येक नटावर लाल लाखेची रेघही होती. ही रेघ नट नेमका आवळून झाल्यावरच ओढतात. पुढे नट जरा जरी फिरला, तरी ती तुटलेली दिसते. ती पाहूनच मी भुललो.

चार महिन्यांनी एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे तांत्रिक सल्लागार घरी आले. हे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्टीच्या, बिजागरीच्या ब्रॅकेटवर टॉर्च धरून ते म्हणाले, "हा काढून बघ." पान्याची गरजच पडली नाही. लाख तुटली आणि लॉकनट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे घट्ट धरून राहणारा नट) चिमटीत धरून फिरवताच सुटून आला. हाताने फिरणारा लॉकनट फेकूनच द्यायचा असतो. हा आधी कुठेतरी वापरलेला होता. बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा होत्या, म्हणजे मोटारींसाठीचा ग्रेड 5 चा बोल्ट, हार्डवेअरच्या दुकानातला. एएनच्या बोल्टवर फुली किंवा चांदणी असते. त्यातून त्याचे आटे ब्रॅकेटच्या छिद्रात आले होते. आट्यांवर भार येता कामा नये. बोल्टचा गुळगुळीत भाग जोडाच्या जाडीइतका हवा, थोडा जास्त असेल तर वॉशर घालावा. इथे छिद्राच्या कडेला आट्यांचे ओरखडे उठले होते. ते पाहून माझे हात थंड पडले. त्या पंखांच्या भरवशावर मी माझ्या मुलीला विमानात बसवणार होतो.

दोन्ही पंखांतले 64 बोल्ट काढले. 23 चुकीचे निघाले. टॉर्क न लावताच त्या माणसाने रेघा ओढल्या होत्या, यात मला शंका उरलेली नाही. फोन केला तर म्हणाला, पावतीवर "जसं आहे तसं" लिहिलंय. नंतर त्याने फोन उचललाच नाही.

तेव्हा खरेदीआधी जाणकाराला सोबत न्या आणि पाच-सहा बोल्ट तुमच्या पसंतीने काढून बघा. विकणारा नको म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. बांधणीची वही आणि फोटो मागा. विमान हौशी माणसांनीच बांधलंय हे एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक नियामक संस्थेला, दाखवायला ती नोंद लागतेच.

आता पाव इंची एएन4 बोल्टला 50 ते 70 इंच-पाउंड टॉर्क लावतो, तोही नटाच्या बाजूने. लॉकनट नुसता फिरवायला लागणारा जोर आधी मोजून त्यात मिळवतो. नटाबाहेर एक पूर्ण आटा दिसला पाहिजे. मुलगी आकडा वहीत लिहिते आणि मगच लाखेची बाटली उघडते. उजवा पंख झालाय. डाव्याच्या ओरखडलेल्या छिद्राबद्दल किट बनवणाऱ्यांना फोटो पाठवलेत, उत्तराची वाट बघतोय.