१९६७ ची फोर्ड मस्टँग, २८९ व्ही-८ : आठ महिने चालवल्यावर

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मागच्या सप्टेंबरात जाहिरात बघितली, ६७ ची मस्टँग हार्डटॉप (पत्र्याच्या पक्क्या छताची), २८९ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. फोटोत दारावरची कंपनीची प्लेट दिसत होती, गाडीचा ओळख नंबर ७टी०१सी ने सुरू. ७ म्हणजे १९६७, ०१ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं २०० हॉर्सपॉवरचं २८९, आणि टी म्हणजे फोर्डचा मेटचन प्लांट, म्हणजे आमच्या एडिसनचाच, रूट वनवरचा, जो २००४ ला बंद झाला आणि आता तिथे दुकानं आहेत. गाडी आपल्याच गावची निघाली, मग माझ्याच्याने राहवेना, २४ हजार डॉलर मोजले आणि आणली.

चालवायला काय मजा आहे! इंजिन थंड असलं की ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, चोक बसतो, मग किल्ली फिरवायची. सुरू झाली की सीटमधून पाठीला थरथर जाणवते. २०० हॉर्सपॉवर आजच्या हिशोबाने काही फार नाही, पण सिग्नल सुटल्यावर पायाचा अंगठा टेकवला तरी नाक वर करून निघते. ॲव्हरेज गॅलनला १३ मैल, त्याची मला तक्रार नाही.

आता मेन गोष्ट, घेणाऱ्यांनी नीट वाचा. नोव्हेंबरात दोन दिवस पाऊस झाला आणि ब्रेक मारल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला डॅशखालून पाण्याची धार माझ्या बुटावर आली. कार्पेट उचललं तर खालची फेल्ट पिळून पाणी निघेल इतकी ओली, आणि फ्लोअरच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आरपार गेला. विकणाऱ्याने कार्पेट नवंकोरं टाकलं होतं, ते का ते तेव्हा कळलं, फार वाईट वाटलं. त्या काळच्या मस्टँगचं हे जुनंच दुखणं आहे, पुढच्या काचेखालच्या जाळीतून पाणी आत जातं, आत हवेच्या भोकांभोवती पत्र्याची उभी कड असते, तिथे पाला साचून राहतो, कड गंजते आणि पाणी थेट पायाशी. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. दुरुस्तीला काच, बोनेट, फेंडर उतरवून वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड एकेक ड्रिल करावे लागतात. फ्लोअर धरून मला ४,२०० डॉलर पडले, आणि गाडी सात आठवडे गॅरेजला.

म्हणून बघायला जाताना पाण्याच्या दोन बाटल्या न्या, मालकाला विचारून जाळीत ओता आणि डॅशखाली हात घालून बघा. ओतू देत नसेल तर परत या. कार्पेट उचलू द्या म्हणावं, रंग आणि क्रोम नंतर बघा.

बाकी किरकोळ. इग्निशनचे पॉइंट्स (ठिणगी पाडणारे संपर्क) एकदा बदलले, पेट्रोलचे जुने रबरी पाइप इथेनॉलने चिरले होते तेही बदलले, ऑइल मात्र झिंक जास्त असलेलंच घालतो कारण इंजिनातल्या जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टला झीज टाळायला तेच लागतं.

ब्रेक चारही ड्रम. ओले झाले की गाडी एका बाजूला खेचते, एकदा ओल्या उतारावर डावीकडे अशी ओढली की हात थरथरले. पुढच्या महिन्यात पुढे डिस्क बसवतोय. मागे बेल्टही फक्त कमरेचेच आहेत, त्यामुळे मुलगी रोज विचारते तरी तिला अजून हायवेवर नेलेलं नाही, डिस्क आणि खांद्याचे बेल्ट बसले की पहिली चक्कर तिचीच, रूट वनवरून.