फॉक्स एटीएस स्टिअरिंग डॅम्पर (रँग्लर जेके): नवा बसवण्याआधी जुना काढून तपासा

स्टिअरिंग डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगला बसणारे झटके शोषणारी नळी, आणि डॅम्पर म्हणून फॉक्स कंपनीचा एटीएस उत्तम आहे. पण लिफ्ट केलेल्या (सस्पेन्शन बदलून उंच केलेल्या) गाडीचं स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं हादरतंय म्हणून तो मागवत असाल, तर आत्ता थांबा. तो बसवल्यावर काही आठवडे हादरे गायब होतील, तुम्ही पाच तारे देऊन मोकळे व्हाल आणि ज्या ढिल्या बोल्टमुळे हे सगळं चाललं होतं तो आपलं भोक आणखी मोठं करत राहील. ऑनलाइन दिसणारी बरीचशी कौतुकं या काही आठवड्यांतली असतात.

हे परीक्षण जीपच्या जेके पिढीच्या रँग्लरसाठी आहे, म्हणजे २००७ ते २०१८ची गाडी, अडीच ते साडेतीन इंच लिफ्ट आणि ३५ इंची टायर. भारतात जेके अधिकृतपणे २०१६ मध्ये आली, २०१९ मध्ये तिची पुढची पिढी जेएल आली आणि २०२१ पासून रँग्लरची जुळणी पुण्याजवळ रांजणगावला होऊ लागली. पुढे सलग एक्सल असलेल्या कुठल्याही गाडीला यातलं बरंचसं लागू पडतं. मापं मात्र जेकेची आहेत.

आधी वस्तू. बाजारातले बहुतेक स्वस्त डॅम्पर आतून साध्या शॉक ॲब्सॉर्बरसारखे असतात, म्हणजे रॉड एकाच टोकातून बाहेर येतो. त्यात गॅस भरलेला असेल तर तो रॉडला सतत बाहेर ढकलतो आणि गाडी एका बाजूला ओढते. ओळखायला सोपं आहे. डॅम्पर हातात घेऊन रॉड पूर्ण आत दाबा आणि सोडा. आपोआप बाहेर आला तर गॅसचा. एटीएसमध्ये रॉड नळीच्या दोन्ही टोकांतून आरपार जातो, त्यामुळे दोन्हीकडचा दाब सारखा राहतो आणि चाक कुठल्याच बाजूला ढकललं जात नाही. वर बाहेरून फिरवायची कळ आहे, तिच्याने डॅम्पिंग कमी-जास्त करता येतं. बॉडी ॲल्युमिनियमची आहे आणि सील गेले तर उघडून दुरुस्त करता येतो. महाग डॅम्परचं खरं समर्थन या शेवटच्या गोष्टीत आहे, कारण पावसाळ्यात चिखलातून फिरणाऱ्या गाडीत सील जाणारच.

काम काय करतो? जड टायर खड्ड्यात आदळला की चाकाला जो एकच झटका बसतो, तो बराच बोथट होतो. दगडांतून हळू चालवताना स्टिअरिंग अंगठा मोडेल इतक्या जोराने उलटं फिरत नाही. चाकोरीतून बाहेर पडताना गाडी अंगावर येत नाही. ३५ इंची टायर असलेल्या गाडीत हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. कळ मात्र सर्वांत मऊ जागेपासून सुरू करा आणि एकेक टप्पा वाढवा. फार कडक केली की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपण होऊन सरळ होत नाही. लिफ्टमुळे कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) आधीच घटलेला असेल तर हे आणखी वाईट, घाटात प्रत्येक वळणानंतर चाक हाताने परत आणावं लागतं. अशी तक्रार आली की लोक डॅम्परला दोष देतात. दोष कळ फिरवणाऱ्याचा असतो.

आता हादऱ्यांकडे. सगळ्या थरथरीला ‘डेथ वॉबल’ म्हणायची पद्धत पडली आहे, त्यामुळे निदानच चुकतं. ८०-१००च्या वेगात येणारी, वेग बदलला की कमी होणारी बारीक थरथर ही टायरची असते: बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा रिमच्या आत वाळलेला चिखल. हा शेवटचा प्रकार इतका साधा आहे की वर्कशॉपमध्येही सुटतो, आधी रिमची आतली बाजू धुवा. गाडी रस्त्यावर डावी-उजवीकडे भरकटत असेल तर कॅस्टर किंवा टो (पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) तपासा. खड्ड्यात एकदाच झटका बसून चाक वळत असेल तर तो बम्प स्टिअर, म्हणजे ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि ट्रॅक बार (एक्सलला आडवा धरणारा दांडा) एकमेकांना समांतर राहिलेले नाहीत. खरा डेथ वॉबल वेगळा. बहुधा ७० ते ९०च्या वेगात पुलावरचा सांधा किंवा खड्डा लागला की सुरू होतो, दोन्ही चाकं एकत्र जोरजोरात डावी-उजवीकडे आपटतात आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबत नाही. तेव्हा स्टिअरिंगशी झुंजू नका, जोरात ब्रेकही मारू नका. स्टिअरिंग व्हील घट्ट पण सैल मनगटांनी धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि हळूहळू बाजूला घ्या.

हे घडतं का? ३५ इंची टायरचा घेर साधारण पावणेतीन मीटर. ताशी ८० किलोमीटरला तो सेकंदाला आठ फेऱ्या मारतो. पुढच्या एक्सलमध्ये कुठे ढिलाई असेल तर त्याच सुमाराच्या गतीने तो डोलू शकतो, आणि मग टायरचा लहानसा असमतोलही त्या डोलण्याला खतपाणी घालतो. म्हणजे टायर हे निमित्त, ढिलाई हे कारण. डॅम्पर या दोहोंच्या मध्ये उभा राहून हेलकावे शोषून घेतो, काहीच घट्ट करत नाही.

म्हणून तपासणीआधी जुना डॅम्पर एका टोकाने सोडा आणि बाजूला बांधून ठेवा. पुढचा भाग धडधाकट असेल तर गाडी डॅम्परशिवायही सरळ चालते. झटके जास्त जाणवतील, पण हेलकावे सुरू व्हायला नकोत. चाचणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर, पट्टा लावून, वेग थोडा थोडा वाढवत करा.

रस्त्यावर न्यायच्याही आधी गाडी जमिनीवर, चाकं टेकलेली असताना बघा. इंजिन चालू ठेवून मदतनीसाला स्टिअरिंग घड्याळातल्या दहा ते दोनच्या दरम्यान भरभर हलवायला सांगा. हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना ठोकळे लावलेले असू द्या. तुम्ही खाली झोपून प्रत्येक सांध्यावर हात ठेवा. डोळ्यांना न दिसणारा खटका बोटांना कळतो. सुरुवात ट्रॅक बारपासून करा, कारण जेकेत दहापैकी बहुतेक प्रकरणं तिथेच उकलतात. हा दांडा एक्सलला आडवा धरून ठेवतो, एक टोक चॅसिसला आणि दुसरं एक्सलला. रँग्लरच्या जुन्या टीजे पिढीत चॅसिसकडच्या टोकाला बॉल जॉइंट असायचा, जेकेत दोन्हीकडे रबरी बुश आणि १४ मिलिमीटरचा बोल्ट आहे. लिफ्ट बसवताना हा बोल्ट सुटतो आणि बऱ्याचदा अंदाजानेच परत आवळला जातो. त्याला सुमारे १७० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे टॉर्क पानाच हवा, लहान दांड्याच्या पान्याने ते जमत नाही. कमी आवळलेला बोल्ट ब्रॅकेटच्या भोकात थोडा थोडा घासतो आणि गोल भोक लंबगोल होतं. त्यानंतर कितीही आवळा, पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो परत सरकणार.

बोल्ट काढून भोक तपासा. किंचितच मोठं झालं असेल तर ९/१६ इंची, म्हणजे १४.२९ मिलिमीटरचा ग्रेड ८ (जास्त ताकदीचा) बोल्ट बसतो. बुशच्या आतल्या नळीतूनही तो जायला हवा, नाहीतर नळीही ड्रिलने मोठी करावी लागते. भोक उघडउघड लांबट झालं असेल तर नेमक्या मापाचं जाड वॉशर ब्रॅकेटवर वेल्ड करा किंवा नवं मजबूत ब्रॅकेट लावा. या कामाचा खर्च एटीएसच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ असतो.

एक चूक जवळपास प्रत्येक लिफ्टमध्ये होते. ट्रॅक बार आणि कंट्रोल आर्मचे बोल्ट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळले जातात. मग गाडी खाली आली की रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि तिथून नवा प्ले (ढिलाई) सुरू होतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, बम्पर दाबून हलवा आणि मग टॉर्क द्या. खालच्या आर्मला १७०च्या आसपास, वरच्याला १००च्या आसपास.

ट्रॅक बार ठीक निघाला तर चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवताना प्ले असेल तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर हब बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. टायरखाली पहार घालून वर उचलल्यावर नकल (एक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) एक्सलपासून वेगळा हलताना दिसला की खालचा बॉल जॉइंट गेलेला समजा, ३५ इंची टायरचं वजन तोच वाहतो. डावी-उजवीकडे प्ले असेल तर टाय रॉड (पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) किंवा ड्रॅग लिंकचे एंड. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू मात्र सगळ्यात शेवटी, आणि तोही पाव फेरीपेक्षा जास्त नाही. जास्त आवळला तर सरळ जाताना बॉक्स अडकतो आणि गाडी भरकटायला लागते.

त्यानंतर अलाइनमेंट. टो-इन घरी टेपनेही मोजता येतं. दोन्ही टायरच्या मध्यरेषेवर खडूची खूण करा आणि हबच्या उंचीवर पुढचं व मागचं अंतर घ्या. पुढचं अंतर दीड ते तीन मिलिमीटर कमी हवं. टो बदलल्यावर स्टिअरिंग व्हील ड्रॅग लिंकवरून मध्यावर आणा. वाकडं राहिलं तर ईएसपीला (गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला) गाडी वळतेय असं वाटतं आणि तो विनाकारण ब्रेक लावू शकतो. कॅस्टर कंपनीकडून ४.२ अंश असतो, लिफ्टनंतर घटून दीड-दोन अंशांवर येऊ शकतो. अलाइनमेंटवाले ‘हा ॲडजस्ट होत नाही’ म्हणून छापील कागद हातात देतात. तो होतो. एक्सलच्या ब्रॅकेटवर खालच्या आर्मच्या बोल्टभोवती कॅम बोल्टसाठी जागा ठेवलेली आहे, शिवाय लांबी बदलणारे आर्म आणि एईव्ही कंपनीची ब्रॅकेटही मिळतात. ही ब्रॅकेट जमिनीपासूनची उंची थोडी खातात, दगडांत जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कॅस्टर वाढवताना पिनियन (डिफरन्शिअलचा प्रोपेलर शाफ्टला जोडलेला भाग) खाली झुकतो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यावर ताण येतो. त्याचा बूट फाटून ग्रीस उडालेली दिसली तर कारण हेच.

कुणी म्हणेल, २०१९ मध्ये जेएलच्या मालकांना कंपनीनेच नवा डॅम्पर मोफत बसवून दिला, मग डॅम्पर हा इलाज कसा नाही? तिथे गाड्या नव्या होत्या, सांधे घट्ट होते आणि प्रश्न मूळ डॅम्परचाच होता. पाच-सात वर्षं वापरलेल्या, लिफ्ट केलेल्या जेकेला तो दाखला चालत नाही.

हे सगळं झालं असेल तर एटीएस खुशाल घ्या. मागवताना दोन गोष्टी तपासा. पहिली, क्लॅम्प तुमच्या टाय रॉडच्या व्यासाचा आहे का? मूळ रॉड आणि जाड आफ्टरमार्केट रॉड यांचे क्लॅम्प वेगळे असतात. दुसरी, आपल्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या. अमेरिकेतली बहुतेक किट डाव्या स्टिअरिंगसाठी असतात. डॅम्परचं एकवेळ जमेल, पण ट्रॅक बार, त्याची ब्रॅकेट आणि ड्रॅग लिंक फ्लिप किट (ड्रॅग लिंक नकलला खालून न जोडता वरून जोडण्याचं) यांच्याबाबत ‘जमेल’ असं गृहीत धरू नका. विक्रेत्याकडून उजव्या स्टिअरिंगसाठी असल्याचं लेखी घ्या.

बसवताना चाकं सरळ ठेवा आणि रॉड प्रवासाच्या बरोबर मध्यावर आणून क्लॅम्प लावा. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघा. चाकाचा स्टॉप आधी लागला पाहिजे, डॅम्पर नव्हे. डॅम्परच आधी संपला तर त्याचं ब्रॅकेट वाकतं आणि कधी टाय रॉडही. आरपार रॉड दुसऱ्या टोकालाही बाहेर येतो, त्यामुळे तो डिफरन्शिअल कव्हरला किंवा टाय रॉडला कुठे लागत नाही ना, हे पूर्ण लॉकवर आणि एक चाक वर चढवलेलं असतानाही पाहा. क्लॅम्पच्या जागी टाय रॉडवर रंगाची रेघ मारून ठेवा. तो सरकला तर पुढच्या सर्व्हिसला लगेच कळेल.

डोंगरात क्वचित जाणाऱ्यांना एटीएसची गरज नाही. रँचो कंपनीचा साधा डॅम्पर त्याच्या काही अंशाच्या किमतीत येतो आणि सांधे घट्ट असलेल्या गाडीत मुंबई-पुणे रस्त्यावर फरक शोधावा लागतो. वाचलेल्या पैशांत बॉल जॉइंट बदलून घ्या. ३७ इंची टायर, वारंवार दगडधोंडे आणि हायड्रॉलिक सिलिंडरची जादा मदत नसलेलं स्टिअरिंग, असा वापर असेल तर एटीएसचे पैसे वसूल होतात.

वस्तूला ५ पैकी ४.५. अर्धा गुण कापला तो कळीसाठी. ती चाकांकडून उडणाऱ्या चिखलाच्या वाटेत येते आणि धुतली नाही तर जाम होते.