गॅस गिझर की इलेक्ट्रिक? आधी बाथरूम बघा
थंडी पडली की कोल्हापुरात हा प्रश्न हमखास निघतो, आणि गॅस गिझर भारी वाटतो कारण पाणी लगेच गरम, लाईट गेली तरी चालतो. पण शिवाजी पेठेतल्या जुन्या घरातलं बाथरूम बघा की, एवढीशी जागा, एकच झरोका तोही गार वारं येतं म्हणून पुठ्ठा लावून बंद, आणि गिझर आतच, धूर बाहेर न्यायला पाईपच नाही. ज्योत खोलीतलाच ऑक्सिजन खाते, तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. एलपीजीत मुद्दाम वास घातलेला असतो, याला वासच नाही! रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, डोकं दुखतं, गरगरतं आणि कडी काढायच्या आधीच माणूस खाली.

इलेक्ट्रिकला शॉकची भीती खरी आहे, पण अर्थिंग नीट असेल आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईट लगेच तोडणारा स्विच) बसवला तर ती बरीच आटोक्यात येते. बिल वाढतं, वाढू दे.

गॅसचाच पाहिजे असेल तर बाहेर मोकळ्या गॅलरीत लावा, आत फक्त पाण्याचा पाईप. आणि आतलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट बघू नका, दार तोडा, मोकळ्या हवेत आणा, १०८ लावा.