कुरे-मियाजिमा की कागोशिमा-चिरान?

जपानच्या एकाच सहलीत युद्धाचा इतिहासही बघायचाय आणि जुनी संस्कृतीही, आणि तोक्यो-क्योतो सोडून आणखी एकाच भागापुरता वेळ आहे, असं असेल तर निवड बहुतेक वेळा या दोन जोड्यांवर येते: हिरोशिमाजवळचं कुरे बंदर आणि मियाजिमा बेट, किंवा दक्षिणेकडचं कागोशिमा शहर आणि त्याजवळचं चिरान गाव. मी दोन्हीकडे जाऊन आलोय.

सोयीच्या बाबतीत हिरोशिमाचा भाग सरस. शिन-ओसाकाहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तास. कागोशिमाला चार तास लागतात. यामातो ही युद्धनौका कुरेतच बांधली गेली. तिथल्या संग्रहालयात तिची २६.३ मीटर लांबीची प्रतिकृती आहे, म्हणजे मूळ नौकेच्या एक दशांश. जवळच आकिशिओ ही खरीखुरी पाणबुडी आहे, आत शिरून बघता येते, तेही फुकट. एताजिमा बेटावर १८८८ मध्ये तोक्योहून हलवलेल्या नौदल अकादमीचं आवार आहे. आणि समुद्रात उभ्या कमानीच्या देवळासाठी प्रसिद्ध मियाजिमाबद्दल वेगळं काय सांगायचं!

पण कुरे हिरोशिमाच्या आग्नेयेला, मियाजिमा नैऋत्येला. एताजिमाचं आवार ठरलेल्या वेळीच दाखवतात, त्यासाठी कुरेहून बोट, पुढे बस. मियाजिमाची कमान पाण्यात उभी बघायची तर भरती साधायला हवी, आणि तिची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. या दोन वेळांचा मेळ घालता घालता मी जेरीस आलो. कुठेही असलो तरी अर्धं लक्ष घड्याळाकडे. गर्दी एकवेळ सोसता येते, ही टांगणी नाही.

चिरानला हा प्रश्नच येत नाही. कागोशिमाहून बसने सव्वा तासाच्या आसपास, आणि दोन्ही गोष्टी एकाच छोट्या गावात. १९४५ च्या वसंतात ओकिनावाच्या लढाईसाठी इथून तोक्को, म्हणजे आत्मघाती हल्ल्यांचे वैमानिक उडाले. यामातोही त्याच लढाईकडे जाताना ७ एप्रिलला बुडाली. संग्रहालयात या मुलांचे फोटो आणि घरी लिहिलेली शेवटची पत्रं आहेत. समुद्रातून वर काढलेलं, गंजून फाटलेलं झीरो हे जपानी लढाऊ विमानही आहे. आत बहुतेक ठिकाणी फोटो काढू देत नाहीत, ते योग्यच वाटलं. बाहेर या वैमानिकांची जमिनीत अर्धी रुतलेली, तिकोनी छपराची बराक पुन्हा उभारलीय. तीही चुकवू नका.

तिथून दोनेक किलोमीटरवर सामुराईंच्या वाड्यांची गल्ली. दगडी कुंपणं, त्यांवर कातरलेली झुडपं, आणि फाटकातून शिरताच समोर आडवी भिंत, म्हणजे रस्त्यावरून घरात नजर पोचत नाही. सात बागा उघड्या आहेत. एक सोडली तर सगळ्या पाण्याविना, वाळू-दगडांच्या. बागेमागे दूरचा डोंगर दिसतो, तोही बागेचाच भाग धरलेला. पत्रं वाचून आल्यावर इथे नुसतं बसून राहावंसं वाटलं, आणि घाई कसलीच नव्हती.

पहिल्यांदाच जपानला जात असाल, किंवा सोबत लहान मुलं असतील, तर कदाचित हिरोशिमाच बरं पडेल. चिरानची पत्रं मुलांना झेपतीलच असं नाही. बाकीच्यांनी, जमलं तर, कागोशिमाला दोन रात्री ठेवाव्यात. बस मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावरच बघून घ्या. संग्रहालय आधी, वाडे नंतर.