मॅलम की इंगलटन? यॉर्कशायर डेल्समध्ये एकच दिवस असेल तर

लीड्स किंवा मँचेस्टरला मुलांकडे आलेल्या आईबाबांना घेऊन डेल्समध्ये, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशात जायचं ठरलं, की या दोन गावांची नावं हमखास पुढे येतात. दोन्हीकडे धबधबे, दोन्हीकडे चुनखडी, असं सगळे सांगतात. पण चुनखडी पाणी पिते. सह्याद्रीचा काळा कातळ पाऊस बराचसा अंगावरून सोडून देतो, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात कड्याकड्यावरून पाणी कोसळतं. इथे मात्र पावसाचं किंचित आम्ल पाणी दगडाच्या भेगा विरघळवत खाली उतरतं आणि वाहते ओढे जमिनीत गडप होतात. म्हणून आधी पाऊस किती झालाय ते बघा, मग ठिकाण ठरवा.

मॅलमला पाहायचा तो दगड. मॅलम कोव्ह हा सुमारे 80 मीटर उंचीचा, आत वळलेला पांढुरका कडा. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचं पाणी त्याच्यावरून कोसळत होतं; आज तो कोरडा असतो. डिसेंबर 2015 मधल्या डेझमंड वादळात मात्र थोडा वेळ पुन्हा धबधबा वाहिला. वरच्या मॅलम टार्न तलावातून निघालेला ओढा वाटेतच जमिनीत शिरतो. तो कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडेल असं वाटतं, पण निघतो गावाच्याही खाली. पायथ्याशी दिसतं ते वेगळ्याच ओढ्याचं पाणी!

सुमारे 400 पायऱ्या चढून वर गेलं की उघडी पडलेली चुनखडीची फरशी लागते. खोल भेगांच्या सावलीत नेचे वाढलेले असतात. ओल्या दिवशी हा दगड फार निसरडा होतो, तेव्हा पावसात वर जाऊ नका. जवळच गॉर्डेल स्कारची उंच घळ आणि जॅनेट्स फॉसचा छोटासा धबधबा आहे. वसंतात त्या वाटेवर रानलसणाचा वास भरलेला असतो.

इंगलटनची धबधब्यांची पायवाट 1885 पासून लोकांसाठी खुली आहे. ती खासगी आहे, तिकीट काढावं लागतं. ट्विस नदीच्या काठाने वर आणि डो नदीच्या काठाने खाली, असा साधारण 7 किलोमीटरचा फेरा. इथे नद्या चुनखडीखालच्या जुन्या, पाणी न शोषणाऱ्या खडकावरून वाहतात, म्हणून पाणी डोळ्यांसमोर राहतं. पेका फॉल्स, पुढे सुमारे 14 मीटरचा थॉर्न्टन फोर्स. त्याच्यापुढे जरूर रेंगाळा. वर चुनखडीचे आडवे थर, खाली जवळजवळ उभे झालेले जुने थर आणि दोहोंच्या मधल्या एका रेषेत दहा कोटींहून अधिक वर्षं हरवलेली, म्हणजे त्या काळातले थर इथे नाहीतच. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली गोष्ट इथे इतकी स्वच्छ दिसते, की मला तरी हा इंग्लंडमधला सर्वांत सुंदर धबधबा वाटतो.

दोन-तीन दिवस पाऊस होऊन आता उघडलं असेल, तर बेलाशक इंगलटन. कोरडा आठवडा असेल तर मॅलम. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर कुठल्याही हवेत मॅलम: कोव्हच्या पायथ्यापर्यंतची वाट सोपी आहे, पायऱ्या टाळता येतात. इंगलटनला शेकडो पायऱ्या आहेत आणि निम्म्यावर पोचल्यावर परत फिरणंही तितकंच लांब. गाडी असलेली बरी. इंगलटनला आता रेल्वे स्टेशन नाही, आणि स्किप्टनहून मॅलमला बस जाते, पण फेऱ्या मोजक्याच.

तुमची तारीख मे अखेरच्या किंवा ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या (सार्वजनिक सुट्टीच्या) सुमारास येत असेल, तर ही दोन्ही ठिकाणं बाजूला ठेवून क्लॅपम गावाहून गेपिंग गिलला चालत जा. तिथे फेल बेक हा ओढा जमिनीतल्या विवरात 98 मीटर कोसळतो आणि त्या दिवसांत गुहा धुंडाळणाऱ्यांचे क्लब यंत्राच्या रहाटाला टांगलेल्या खुर्चीत बसवून लोकांना थेट त्याच्या तळाशी उतरवतात.