पायथनचा स्कोप: कापसाच्या एका हंगामानंतर

दिवाळीपासून होळीपर्यंत हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात कापूस खरेदीच्या काट्याचा हिशेब पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेवर ठेवला. लॅपटॉप जुना, लाईन असली की चार्ज करून घ्यायचा. भाषा सोपी आहे, वाद नाही. पण कोणतं व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव) कुठपर्यंत दिसतं, म्हणजे त्याचा स्कोप, हे नीट कळेपर्यंत पैशाचा व्यवहार तिच्यावर सोपवू नये.

सगळ्यात डोकं खातो तो एकच नियम. फाइलीत वर 'एकूण = ०' लिहिलं (आकडा इंग्रजीच टाकायचा; नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत खुशाल चालतात) आणि फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात) ते नुसतं प्रिंट केलं, तर बिनबोभाट छापतं. त्याच फंक्शनमध्ये प्रिंटच्या खाली 'एकूण += वजन' घाला; आता वरची प्रिंटची ओळच 'अनबाउंडलोकलएरर' (किंमत भरायच्या आधीच लोकल नाव वापरल्याची चूक) देते. बदल खाली, बोंब वर! फंक्शनमध्ये कुठेही एखाद्या नावात किंमत भरली, की ते नाव अख्ख्या फंक्शनभर लोकल, म्हणजे त्या फंक्शनपुरतंच, होतं, आणि हे कोड चालायच्या आधी, कंपाइल होतानाच ठरतं. 'नोंदी' नावाच्या लिस्टमध्ये अपेंड केलं तर मात्र काही अडत नाही, कारण लिस्ट तीच राहते, फक्त भर पडते.

हा एरर निदान दिसतो तरी. मला भीती यादीतल्या एकेकासाठी तेच काम पुन्हा करणाऱ्या फॉर लूपची. फॉर किंवा इफ पायथनमध्ये वेगळा स्कोप करतच नाहीत. लूप संपला तरी शेवटच्या शेतकऱ्याचं वजन त्या नावात तसंच पडून राहतं. पुढे कुठे तेच नाव वापरलं गेलं, तर ना एरर ना इशारा, आणि एकाचे क्विंटल दुसऱ्याच्या पट्टीवर. म्हणून प्रत्येक काटापट्टी स्वतंत्र फंक्शनमध्ये: वजन, ओलावा, भाव आत द्यायचे, रक्कम रिटर्न घ्यायची. एका ओळीत लिस्ट बनवणाऱ्या लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमधलं नाव पायथन ३ मध्ये बाहेर गळत नाही, तेवढी सोय आहे.

पुतण्यानं एकदा बेरजेच्या व्हेरिएबललाच 'सम' (इंग्रजीत sum) नाव दिलं. पायथननं हूं की चूं केलं नाही. खाली पायथनचं स्वतःचं बेरजेचं सम फंक्शन बोलावल्यावर टाइपएरर, कारण त्या नावात आता आकडा होता.

फाइलीत वर असलेलं नाव फंक्शनमधून बदलू देणारा 'ग्लोबल' हा शब्द आता माझ्या फाइलीत एकदाच उरलाय, पावती क्रमांकासाठी. भाव आणि ओलाव्याची मर्यादा वरच ठेवल्यात. नुसत्या वाचायच्या असल्या की तो शब्द लागत नाही. २००८ मध्ये ३.० सोबत आलेलं 'नॉनलोकल' (बाहेरच्या फंक्शनचं नाव आतल्या फंक्शनमधून बदलू देणारा शब्द) अजून कामी आलं नाही, फंक्शनात फंक्शन लिहायची वेळच काट्यावर येत नाही.