घोट्याची शस्त्रक्रिया चोख, पण घरी पाठवतानाची तयारी अपुरी

आईच्या उजव्या घोट्याची दोन्ही बाजूंची हाडे मोडल्यामुळे पुण्यातील एका खासगी अस्थिरोग रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. ती त्याच दिवशी होईल, ही आमची अपेक्षा डॉक्टरांनी शांतपणे बाजूला सारली. घोट्याभोवतीची त्वचा पातळ असते आणि सूज असताना छेद घेतल्यास जखम न भरण्याचा व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून त्वचेवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत पाय उंचावर ठेवून थांबावे, असे त्यांनी समजावले. घाई न करणारे शल्यविशारद हे मला या रुग्णालयाचे सर्वांत मोठे बलस्थान वाटले. कमरेतून भूल देऊन बाहेरच्या हाडाला प्लेट आणि आतल्या हाडाला स्क्रू बसवण्यात आले, आणि सांधा किंचित सरकलेला राहिला तरी पुढे त्याची झीज होऊ शकते, म्हणून हाडांची जुळणी तिथेच एक्स-रेने तपासली गेली. परिचारिका तत्पर होत्या, जेवण बेताचेच.

नाराजी आहे ती घरी पाठवतानाच्या तयारीबद्दल. साधारण 6 आठवडे पायावर भार द्यायचा नाही, एवढेच कागदावर लिहिले होते. वॉकरने एका पायावर कसे चालावे, किंवा पोटरी सुजून दुखू लागल्यास रक्ताच्या गुठळीच्या शंकेने तातडीने का यावे, हे आम्ही विचारल्यावरच सांगण्यात आले. त्यात फिजिओथेरपी विभाग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, याला काय म्हणावे! प्लेट आणि स्क्रूंचा खर्च मात्र बिलात स्वतंत्र दाखवल्यामुळे विम्याच्या दाव्यात अडचण आली नाही.